गोधडीवरील रेघा
आज प्रातःकाळी, आईच्या जीर्ण लुगड्यांची शिवून पुरी झालेली गोधडी उन्हात पसरली, तेव्हा धावदोऱ्यांच्या कडेने मी आखलेल्या शिसपेन्सिलीच्या करड्या रेघा अद्याप कायम असल्याचे पाहून मन खिन्न झाले. त्या पेन्सिलीत शिसे नसते, ग्राफाइट असते; ते पाण्यात विरघळत नाही, आणि त्याचे सूक्ष्म कण सुताच्या पिळात अडकून बसत असल्याने नुसते भिजवणे व्यर्थ. रात्री भिजत घातलेल्या रिठ्यांचा फेस मऊ ब्रशाने हलकेच फिरवीत गेले, तेव्हा अंजिरी तुकड्यावरची रेघ तिसऱ्या खेपेस पुसट झाली. जोर केला असता, तर रेघेआधी सूतच विरले असते. आईने कधी रेघ आखली नाही. बोटांच्या अदमासानेच तिचे टाके सरळ चालत. काठाजवळची रेघ अजून आहे. उद्या पुन्हा रिठे भिजवीन.