पांढऱ्यांतली नीळ

दिवाळींत किल्ला आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं होत असेल. आमच्या डाळजच्या घरीं मात्र किल्ल्यापेक्षां त्यावरील फौजेला मान अधिक. आमचे थोरले काका भीमेकांठच्या काळ्या मातीचे बोटभर शिपाई घडवीत, भाजून घेत आणि डिंकाच्या पाण्यांत स्वतः खललेले रंग त्यांना देत. विषय ठरलेला : ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई. एका अंगास बापू गोखल्यांचे स्वार, दुसऱ्या अंगास कंपनीच्या पलटणी.

रंगाच्या बाबतींत काकांची शिस्त कडक. कंपनीचा डगला तांबडा, एवढ्यानें त्यांचें भागत नसे. साध्या शिपायाचा डगला मंजिष्ठेच्या जातीच्या मुळ्यांनीं रंगविलेला, म्हणून विटकरीकडे झुकणारा; गोऱ्या अंमलदाराचा किरमिजी किड्याच्या रंगाचा, म्हणून झळझळीत. अंमलदारास ते निव्वळ हिंगूळ देत, शिपायासाठीं त्यांत काव मिसळीत. हिंगूळ पाऱ्याचा, त्या वाटीस मुलांनीं शिवावयाचें नाहीं, अशी ताकीद असे. ओला रंग वाळल्यावर उजळतो, म्हणून आधीं खापरीवर ठिपका आणि दुसऱ्या दिवशीं निवाडा. शिवाय दोन हातांवरून पाहिलेला बोटभर शिपाई म्हणजे चाळीसएक हातांवरचा माणूस. एवढ्या अंतरावर रंग मावळतो, म्हणून प्रत्येक वाटींत चिमूटभर सफेदा पडे. मराठी स्वारांस एकच एक गणवेश नव्हता, म्हणून पागोटीं नाना रंगांचीं. अंगरख्यांना मात्र कोऱ्या सुताचा पांढरा, सफेद्यांत किंचित् पिवडी घालून केलेला.

पुढें पुढें हे अंगरखे निळसर होऊं लागले. आम्हीं एकदां म्हटलें, “काका, कोरें कापड असें दिसत नाहीं.” ते म्हणाले, “तूं पुस्तकांत पाहिलें असशील. मी आजोबांच्या अंगावर पाहिलें आहे.” आम्हांस खऱ्याचा अभिमान फार. त्या रात्रीं घर निजल्यावर आम्हीं सहा स्वार पुन्हा रंगविले. सकाळीं काकांनीं ते हातीं घेतले, जागेवर ठेवले, आणि ते कांहीं बोलले नाहींत. पुढच्या वर्षीं त्यांनीं माती भिजविलीच नाहीं.

त्याच वर्षीं नेत्रवैद्यांनीं मोतीबिंदु सांगितला. डोळ्याचें भिंग पिवळें पडलें कीं निळा प्रकाश आंत कमी पोंचतो. काका आठवणींतल्या पांढऱ्याशीं मेळ बसेपर्यंत नीळ घालीत होते. फ्रेंच चित्रकार मोने यांसही या विकारानें पछाडलें होतें. १९२३ सालीं त्यांच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. काकांनीं रंग चुकविला नव्हता. त्यांच्या डोळ्यांना तो तसाच बरोबर दिसत होता. आम्ही मात्र कारण न विचारतां न्यायाधीश झालों होतों.

शस्त्रक्रियेनंतर घरीं येतांच त्यांनीं उजनीच्या पाण्याकडे बराच वेळ पाहिलें. मग त्यांचा एक स्वार आणि आमचा एक शेजारीं ठेवून म्हणाले, “तुझा बरोबर आहे. पण मला सांगून केलें असतेंस, तर मीच पिवडी काढून दिली असती.”

यंदा माती पुन्हा भिजली. वाटी आम्हीं धरली, रंग त्यांनीं मिसळला. जुने निळसर स्वार बदलण्याची गोष्ट मुलांनीं काढली. ती आम्हींच मोडून काढली.