सव्वीस किलोंचं हलकेपण

शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाने आकाशपाळण्याला नाव मिळवून दिलं, हे सगळेच सांगतात. त्याच प्रदर्शनात तो बिघडायलाही लागला, हे कुणी सांगत नाही. चार वर्षांपूर्वी, १८८९ मध्ये, पॅरिसने आपल्या प्रदर्शनासाठी तीनशे मीटरचा आयफेल मनोरा उभारला होता आणि अमेरिकेला तो सलत होता. प्रदर्शनाच्या बांधकामाचा प्रमुख डॅनियल बर्नहॅम याने इंजिनिअरांना डिवचलं की आयफेलला झाकोळून टाकेल असं काहीतरी करून दाखवा. ते मनावर घेतलं जॉर्ज वॉशिंग्टन गेल फेरिस या तरुणाने. हा गडी पुलांचा. पिट्सबर्गमध्ये पुलांसाठी लागणाऱ्या पोलादाची तपासणी करून देणारी त्याची संस्था होती. म्हणजे पाळण्याचा हा नवा अवतार मुळात मनोऱ्याला उत्तर म्हणून जन्मला, आणि उत्तर देणाऱ्यावर प्रश्नाची छाप पडतेच. उंची ही मनोऱ्याची महत्त्वाकांक्षा. पाळण्याला तिची गरज कधीच नव्हती.

फेरिसचं काम मात्र थोर होतं, त्यात वाद नाही. चाकाचा व्यास अडीचशे फूट, परिघावर छत्तीस डबे, आणि एकेका डब्यात साठ माणसं. मधला आस पंचेचाळीस फूट लांब, चाळीस टनांहून थोडा जड. पोलादाचा एवढा मोठा घडीव तुकडा तोवर क्वचितच कुणी पाहिला असेल. पण खरी नवलाई आसात नव्हती, आऱ्यांत होती. बैलगाडीच्या चाकाचे आरे ओझं पेलतात ते दाबून घेऊन, म्हणून ते जाडजूड लाकडाचे असतात. फेरिसचे आरे म्हणजे बारीक पोलादी सळया. दाबल्या तर वाकतील, ओढल्या तर मात्र तुटता तुटणार नाहीत. म्हणून त्याने त्यांच्याकडून फक्त ओढण्याचंच काम घेतलं. चाकाचा खालचा अर्धा भाग त्या सळयांनी आसाला टांगलेला आणि वरचा अर्धा भाग या टांगलेल्या अर्ध्यावर उभा. झुलता पूल गोल वळवून त्याची दोन टोकं जोडावीत, तसं हे. खालून बघणाऱ्याला वाटायचं, एवढ्या काड्यांवर एवढं चाक राहील कसं? राहिलं, आणि वादळवाऱ्यातही राहिलं. पन्नास सेंट देऊन दोन फेऱ्या मारता येत आणि त्या हंगामात चौदा लाखांवर लोकांनी त्या मारल्या. फेरिसला त्याचं सुख फार लाभलं नाही. तो कोर्टकज्ज्यांत अडकला आणि १८९६ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, विषमज्वराने गेला. चाक पुढे सेंट लुईसच्या प्रदर्शनात फिरलं आणि १९०६ मध्ये सुरुंग लावून पाडलं गेलं.

आता थोडं गणित करू, कारण माझं म्हणणं त्यावरच उभं आहे. गोल फिरणाऱ्या माणसाला पाळण्याच्या शेंड्यावर हलकं वाटतं आणि तळाशी जड वाटतं. किती, ते दोनच गोष्टींवर ठरतं: चाकाची त्रिज्या आणि एका फेरीला लागणारा वेळ. गावच्या जत्रेतला मध्यम पाळणा घ्या. त्रिज्या समजा सात मीटर आणि रंगात आल्यावर फेरी आठ सेकंदांची. साठ किलोच्या माणसाला खुर्चीत वजनकाट्यावर बसवलं तर शेंड्यावर काटा चौतीस किलो दाखवील आणि तळाशी शहाऐंशी. एकीकडे सव्वीस किलो गायब, दुसरीकडे सव्वीस किलो उरावर, आणि हे चार-चार सेकंदांच्या अंतराने. आपण ज्याला पोटात गोळा येणं म्हणतो, तो हाच हिशेब. हेच माप फेरिसच्या चाकाला लावा. त्याची न थांबता होणारी फेरी नऊ मिनिटांची होती. तिथे साठ किलोच्या माणसाचं वजन शेंड्यावर कमी व्हायचं तीस-बत्तीस ग्रॅमने. लंडनमध्ये थेम्सच्या काठावरचं १३५ मीटर उंच चाक अर्ध्या तासात एक फेरी घेतं. तिथे हा फरक पाच ग्रॅमच्या आसपास येतो. खिशातलं नाणं काढून ठेवलं तरी एवढं वजन कमी होईल.

मोठं चाक जोरात का फिरवत नाहीत, असं कुणी विचारेल. लंडनचं चाक आठ सेकंदांत फिरवलं तर माणसांवर गुरुत्वाकर्षणाच्या चौपट ताण येईल आणि करमणूक रुग्णालयात संपेल. जत्रेतल्यासारखाच गोळा पोटात आणायचा तर फेरी चोवीस सेकंदांची हवी आणि डब्यांचा वेग ताशी साठ किलोमीटर. त्या वेगाच्या डब्यात माणसं चढणार-उतरणार कशी? लंडनच्या चाकाला बत्तीस डबे आहेत, प्रत्येकात पंचवीस माणसं, आणि चाक सहसा न थांबवता लोकांना चढवतात-उतरवतात. तासाला सोळाशे तिकिटं खपवायची तर ते मुंगीच्या पावलांनीच चाललं पाहिजे. थोडक्यात, मोठं होण्याची किंमत हालचालीने चुकवलेली असते. चाक एका मर्यादेपलीकडे गेलं की ते यंत्र उरत नाही, सावकाश सरकणारी इमारत होतं. सिंगापूरचं १६५ मीटरचं चाक २००८ मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी फेंगशुईवाल्यांच्या सल्ल्यावरून त्याची फिरण्याची दिशा उलटी केली गेली. डोळे मिटून बसलेल्या एकाही उतारूच्या पोटाला हा बदल कळला नसणार. दुबईतलं २५० मीटरचं चाक २०२१ मध्ये उघडलं, पुढच्या वर्षी बंद झालं आणि अडीच वर्षांहून अधिक काळ बंदच राहिलं. त्या काळातही किनाऱ्यावर ते तितकंच देखणं दिसत होतं. फिरायचं बंद झालं तरी ज्याची शोभा तसूभर कमी होत नाही, त्याला पाळणा कशाला म्हणायचं?

लहान पाळणा हा मोठ्याची गरीब नक्कल आहे, असाही एक समज असतो. वयाने बघितलं तर नातं उलटं आहे. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले १६१५ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या रमजानच्या सणात अशा चाकात बसला होता आणि त्याला मोठी गंमत वाटली होती. पुढे पाचेक वर्षांनी पीटर मंडी या इंग्रजाने बाल्कनमध्ये तसाच पाळणा पाहून नोंदवून ठेवला. आपल्याकडेही हाताने फिरवायचे लाकडी पाळणे अजून पुरते गेलेले नाहीत. इंजिन नाही, मोटार नाही. एक-दोन तगडे गडी सांगाड्यावर चढतात, वर जाऊन आडव्याला लोंबकळतात आणि आपल्याच वजनाने चाक खाली ओढतात. शक्ती कुठून येते हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, ती घाम पुसताना दिसते. शिकागोच्या आधी अमेरिकेतही विल्यम सॉमर्सने समुद्रकिनाऱ्यांवर लाकडी चाकं उभी केली होती. फेरिसने आपली कल्पना उचलली म्हणून त्याने दावाही लावला, पण तो टिकला नाही.

शिकण्याच्या बाबतीत तर जत्रेतला पाळणा मोठ्या चाकाला सहज हरवतो. पाळणेवाला माणसं कशी बसवतो ते बघा. एक खुर्ची भरली की तो लगेच शेजारची भरत नाही, चाक अर्धं फिरवून समोरची भरतो. रांगेतले लोक कुरकुरतात, पण त्याला पक्कं ठाऊक असतं की दोन्ही बाजू तुल्यबळ असल्या तर इंजिनाला फक्त घर्षणाशीच झगडायचं असतं, नाहीतर पट्टा घसरतो. स्कॉटलंडमध्ये फॉल्कर्क इथे २००२ मध्ये याच तत्त्वावर बोटी उचलणारं चाक बांधलं गेलं. दोन बाजूंना पाण्याने भरलेल्या दोन टाक्या. बोट आत शिरली की तिच्या वजनाइतकं पाणी बाहेर जातं, म्हणून दोन्ही बाजू सारख्याच राहतात, आणि सहाशे टनांचा हा भार अर्धा वळसा घेतो तो दीडेक युनिट विजेत. आणखी एक. वैशाखात सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा भर दुपारी पाळणा रिकामा फिरवून बघत असतील तर वर न बघता जमिनीकडे बघावं. एकाच खुर्चीची सावली सरळ रेषेत मागेपुढे करते. मध्यावर झपाट्याने पळते, टोकाला गेली की रेंगाळते, जणू थबकते, आणि परत फिरते. बारावीच्या पुस्तकातली सरल आवर्त गती धुळीत अशी पडलेली असते. उतरताना अर्ध्या वाटेवर खाली जाण्याचा वेग सर्वांत जास्त असतो, पण तिथे काटा बरोबर साठ किलोच दाखवतो, हेही मुलांना ऐकवलं पाहिजे. शरीराला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. न्यूटनचं हे म्हणणं फळ्यावर पटायला वर्ष लागतं, पाळण्यात दोन फेऱ्या पुरतात.

असं समजावून सांगितलं की गंमत मरते, हा आक्षेप मला फारसा जड वाटत नाही. गोळा यायचा तो समीकरण माहीत असलं तरी येतोच. पोट काही पुस्तक वाचत नाही. वजनदार आक्षेप दोन आहेत. पहिला असा की मोठ्या चाकाचं देणं हालचाल नसून दृश्य आहे. १८९३ मध्ये हे सोळा आणे खरं होतं. विमानाला अजून दहा वर्षं अवकाश होता. सपाट शिकागोच्या माणसाने आपलं शहर आणि पलीकडचं मिशिगन सरोवर असं उंचावरून एका नजरेत कधी पाहिलं असणार? त्या चौदा लाखांचा आनंद मी नाकारत नाही. पण आज उंची स्वस्त झाली आहे. मुंबईत चाळिसाव्या मजल्यावर लोक कपडे वाळत घालतात, लग्नाच्या चित्रफितीत ड्रोन असतो. दृश्य कुठेही मिळतं; सव्वीस किलोंचं हलकेपण मात्र गच्चीवर मिळत नाही. लंडनचं चाक सुंदर आहे, ते असावं. त्याला पाळण्याचा मुकुटमणी म्हणू नये, एवढंच.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि त्याला थातुरमातुर उत्तर चालणार नाही. जत्रेतल्या पाळण्यांचे अपघात होतात, माणसं जातात. मोठ्या चाकांमागे इंजिनिअरांची फौज आणि सततची तपासणी असते, इथे बहुधा एक फिटर आणि त्याचा पान्हा. तरी रोग कुठे आहे ते नीट बघावं. आठ सेकंदांची फेरी हा रोग नाही. हा पाळणा काही दिवसांनी सुटतो, ट्रकवर चढतो आणि दुसऱ्या गावी नव्या जमिनीवर उभा राहतो. प्रत्येक वेळी शेकडो नटबोल्ट आणि पिना नव्याने बसतात. प्रत्येक वेळी एखादी पीन झिजलेली निघू शकते, एखादा पाय भुसभुशीत मातीत खचू शकतो, खुर्चीचा आडवा दांडा अडकवायचा राहू शकतो. यावर इलाज चाक संथ करणं किंवा जत्रेतून हद्दपार करणं हा नाही. उभारणीच्या दिवशी जाणत्या डोळ्यांनी ते तपासणं हा आहे, आणि ते डोळे आता दूर नाहीत. आज किती तरी तालुक्यांत आयटीआय आहे, तंत्रनिकेतनही जवळपास असतं. तिथल्या प्राचार्यांना आणि जत्रेला परवानगी देणाऱ्या ग्रामपंचायतींना विनंती अशी: येत्या जत्रेत पाळणा उभा राहील त्या दिवशी यांत्रिकी शाखेची मुलं शिक्षकांसोबत तिथे पाठवा. पिना मोजू द्या, झीज मापू द्या, पायाखालचे ठोकळे समपातळीत आहेत का ते बघू द्या, आणि त्यांच्या शिक्षकांची सही झाल्याशिवाय पहिलं तिकीट फाडू देऊ नका. तपासणी संपली की त्याच पाळण्यात त्यांना दोन फेऱ्या फुकट मारू द्या.