न आलेल्या उत्तरांचा हिशेब

डॉ. सुखदेव थोरात यांना मी कधी भेटले नाही, आणि त्यांना माझं नाव ठाऊक असण्याचंही काही कारण नाही. तरी माझ्या कामाला जी काही दिशा मिळाली, ती त्यांच्या एका लेखामुळे. हे ऋण फिटणारं नाही. निदान नोंदवून तरी ठेवावं, असं बरेच दिवस मनात होतं.

मी उत्तर नागपुरातल्या इंदोऱ्याची. आजोबा मिलमध्ये, बाबा रेल्वेत कारकून आणि मी घरातली पहिली एम.ए. विषय अर्थशास्त्र, पण खरं सांगायचं तर मागणी-पुरवठ्याच्या आकृत्यांपलीकडे ते मला कळलेलं नव्हतं. श्रमबाजारावर आम्हाला एक प्रकरण होतं. त्यात मजूर होता, मजुरी होती, कौशल्य होतं. फक्त मजुराला आडनाव नव्हतं. ते प्रकरण मी परीक्षेत छान लिहिलं आणि त्यात काही कमी आहे असं मला एकदाही वाटलं नाही.

एम.ए. झाल्यावर खाजगी नोकरीसाठी अर्ज करू लागले. तो २००३-०४ चा काळ. रविवारच्या पेपरातल्या जाहिराती कापून वहीत चिकटवायच्या, सीताबर्डीवर बायोडाटा टाइप करून घ्यायचा, झेरॉक्स काढायच्या आणि लिफाफे पोस्टात टाकायचे. उत्तर यायचं नाही. माझ्याच वर्गातल्या एका मैत्रिणीला मात्र बोलावणी यायची. गुण तिचे माझ्याइतकेच, कॉलेज तेच. मला तिचा हेवा वाटला नाही, स्वतःचीच लाज वाटली. आपलं इंग्रजी कच्चं, आपलं राहणीमान साधं, आपल्याला बायोडाटाही नीट लिहिता येत नाही, असा हिशेब मी मांडत गेले. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला. बायोडाट्यासाठी महागातला, जाड, क्रीम रंगाचा कागद आणला. बाबा हे सगळं बघायचे आणि एकच सांगायचे, "पोरी, सरकारी फार्म भर न. तिथं लिस्ट लागते भिंतीवर." मला त्यांचं हे बोलणं जुनाट वाटायचं. काळ बदललाय, आता गुणवत्ता बघतात, असं मी त्यांना ठासून सांगत असे. ते वाद घालत नसत.

पुढे एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. प्राध्यापकीसाठी लागणाऱ्या सेट परीक्षेची तयारी करायला ग्रंथालयात बसायचे, तिथेच 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चा ऑक्टोबर २००७ चा अंक हाती आला. त्यात नोकरीच्या बाजारातल्या जातीय भेदभावावर अनेक लेख होते. त्यातला एक थोरात आणि अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांचा. थोरात म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या औरंगाबादच्या मिलिंद कॉलेजात शिकलेले, पुढे जेएनयूत प्राध्यापक आणि त्या वेळी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. एवढं मला ठाऊक होतं. ते नेमकं काय संशोधन करतात, हे ठाऊक नव्हतं.

त्यांनी केलं होतं ते समजायला अगदी सोपं. प्रमुख इंग्रजी वर्तमानपत्रांत खाजगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती येत. एकेका जाहिरातीला एकाच तोलामोलाच्या शिक्षणाचे अनेक अर्ज धाडायचे. एकावर सवर्ण हिंदू वाटेल असं नाव, एकावर दलित वाटेल असं, एकावर मुस्लिम. अर्जात जात-धर्म कुठेही लिहायचा नाही. जे कळेल ते नावावरून. मग बोलावणं कुणाला येतं ते मोजायचं. हे ६६ आठवडे चाललं. ५४८ जाहिराती आणि ४,८०८ अर्ज. ऑड्स, म्हणजे बोलावणं येण्याचं न येण्याशी असलेलं प्रमाण, या मापानं सवर्ण हिंदू नावाला एक धरलं, तर दलित नावाला ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३.

तो तक्ता मी वहीत उतरवून घेतला. हलकं वाटलं आणि रागही आला. आधी काय ते आता सांगता येणार नाही. आज तो लेख वर्गात शिकवताना मी मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगते. माझा अमुक अर्ज माझ्या नावामुळे बाजूला पडला, असं हा लेख म्हणत नाही. कदाचित माझं इंग्रजी खरंच कच्चं असेल. एकेका अर्जाबद्दल कुणालाच काही सिद्ध करता येत नाही, आणि भेदभाव टिकतो तो त्याच आडोशानं. एकटा माणूस बोलला की त्याला संशयी म्हणतात. हजारो अर्ज शेजारी शेजारी ठेवल्यावर मात्र आकडा बोलतो, आणि त्याला न्यूनगंड आहे असं कुणी म्हणू शकत नाही. बाबांना जे अनुभवानं कळलं होतं त्याला मी भित्रेपणा समजत होते. भिंतीवर यादी लागते याचा अर्थ तिथे गुण सगळ्यांना दिसतात, हे मला एम.ए.पर्यंत शिकून कळलं नव्हतं.

या एका लेखानं पुढचं वाचायला लावलं. अमेरिकेत मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी बोस्टन आणि शिकागोत हाच प्रयोग गोऱ्या आणि काळ्या नावांवर केला होता. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. गोऱ्या नावाला साधारण १० अर्जांमागे एक बोलावणं, काळ्या नावाला १५ अर्जांमागे. तिकडे वर्ण, इकडे जात, पण आकड्यांचा कल एकाच बाजूला. मग उलट मागे गेले. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात, जिथे पगार जास्त, तिथे घेत नसत. कारण धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि तो धोटा मग दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. १९३६ मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी लिहिलं की जात धंदा बदलू देत नाही, म्हणून ती बेकारीचं थेट कारण ठरते. हे पुस्तक आमच्या घरात होतं. दीक्षाभूमीच्या स्टॉलवरून दर वर्षी पुस्तकं यायचीच. पण ते अर्थशास्त्राचं पुस्तक म्हणूनही वाचता येतं, हे कळायला मला थोरातांचा लेख वाचावा लागला.

गेली काही वर्षं माझ्याकडे कॉलेजच्या प्लेसमेंट सेलचं काम आहे. त्याच अंकात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांचा लेख होता, मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवरचा. आम्ही फक्त गुणवत्ता बघतो असं ते अधिकारी सांगत, आणि उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमीही विचारत. सराव मुलाखती घेताना मला तो लेख हटकून आठवतो. बी.कॉम.ची एक मुलगी जीएसटीचं सगळं धडाधडा सांगत होती. "वडील काय करतात?" म्हटल्यावर ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली. वडील नगरपालिकेत सफाई कामगार होते. तो प्रश्न मी सराव मुलाखतीतून काढला नाही. बाहेर विचारतातच, मग उत्तर द्यायची सवय इथेच होऊ दे. दोघींनी बसून ते उत्तर तयार केलं, एका वाक्याचं, खरं.

कंपन्यांकडे पहिली यादी मी रोल नंबरनं पाठवते. रोल नंबर, गुण, विषय. नावं मुलाखतीच्या दिवशी. काही जणांना हे चालतं. एका अधिकाऱ्यानं फोन करून विचारलं, "मॅडम, नावं कुठे आहेत? आम्हाला जरा अंदाज घ्यावा लागतो." कसला अंदाज, ते त्यांनी सांगितलं नाही. ते आले, दोन मुलांना घेऊन गेले, पुढच्या वर्षी आले नाहीत. यावरून मी काही निष्कर्ष काढत नाही. आमच्या कॉलेजचे आकडे इतके थोडे आहेत की त्यातून काही सिद्ध होणार नाही, आणि हा आवर घालायलाही मी त्याच लेखातून शिकले. नोंदवही मात्र ठेवते. कुणी किती अर्ज केले, कुणाला बोलावणं आलं, कुणाला नाही.

यंदा एम.ए.च्या एका विद्यार्थिनीनं ती नोंदवही मागून घेतली. थोरात-अ‍ॅटवेल यांचा लेख तिनं वाचला आणि मला विचारलं, "मॅडम, आडनाव गाळून नुसतं नाव आणि वडिलांचं नाव लिहिणाऱ्यांचं काय? आमच्या वस्तीत कितीतरी पोरं तसंच लिहितात. त्यानं बोलावणी वाढतात का?" मला हे कधी सुचलं नव्हतं. प्रबंधाला हाच विषय घे, असं तिला म्हटलं. जाहिराती आता पेपरात नाही, मोबाइलवर येतात, आणि तिथे आडनावाचा रकाना भरल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी अर्ज पुढेच सरकत नाही. त्यावर काय करायचं, हे आमचं अजून ठरायचं आहे.