हरमलचा कातळ, डिचोलीचा चिरा

गोव्याला जाताना बुटांचा विचार कुणी करत नाही, चप्पल पुरते. आमच्या सॅकमध्ये मात्र क्लाइंबिंग शूजचे दोन जोड होते. दोन्ही माझे. सोबत भाची होती, पहिल्या पगारातून स्वतःचा जोड घ्यायला आतुर झालेली. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर असे बूट कळत नाहीत, आधी खडकावर पाहू, म्हणून तिला कोकण रेल्वेत बसवलं आणि पेडण्याला उतरलो.

हरमलच्या मुख्य किनाऱ्यावरून उत्तरेला, डोंगराला चिकटून, दुकानांच्या ओळीतून एक पायवाट गोड्या पाण्याच्या तळ्याकडे जाते. वाटेत समुद्राच्या बाजूला काळे खडक आहेत आणि तळ्यामागच्या झाडीतही मोठमोठे धोंडे. दोर न लावता, बेताच्या उंचीवर बोल्डरिंग करायला जागा छान. ओहोटीच्या वेळा बघून सकाळी लवकरच गेलो. लाटांच्या पट्ट्यातल्या खडकांना कालवं चिकटलेली असतात. त्यांच्या कडा रबर फाडतात आणि हातही. ओल्या रबराला तर कातळ ओळखच देत नाही. म्हणून भरतीच्या रेषेच्या वरच राहायचं.

पहिला जोड सपाट, ताठ तळाचा. दुसरा पोपटाच्या चोचीसारखा पुढून खाली वाकलेला, महागडा. भाचीचा हात अर्थातच दुसऱ्याकडे गेला. आमच्या दोघांच्या पावलांची लांबी जवळपास सारखी, पण ठेवण वेगळी. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असलं की ती बाई नवऱ्यावर राज्य करते, असं आमच्याकडच्या बायका तिच्या पायाकडे बघून सांगत आल्यात. राज्याचं पुढे बघू. त्या चोचदार बुटाचा सगळा जोर अंगठ्याच्या टोकाशी एकवटलेला असतो, तिथे हे लांब बोट दुमडून कळवळलं.

"मामा, घट्टच हवेत ना पण?"

घट्ट आणि दुखरा यांतला फरक तिथे कातळावर बसून समजावला. मोजे घालायचे नाहीत. बोटं पुढे टेकलेली, जराशी वाकलेली. पण एकावर एक चढलेली नकोत. टाचेमागे पोकळी राहिली तर दाबल्यावर हवा फसकन बाहेर येते. असा बूट टाच अडकवून वर ओढून घेताना निसटणारच. अस्तर नसलेलं चामडं वापरून चांगलंच सैलावतं, कृत्रिम कापड फारसं नाही. म्हणून चामड्याचा बूट पहिल्या दिवशी थोडा जाचला तरी चालेल, कृत्रिम जाचला तर तो जाचतच राहणार. आणि नंबरावर विश्वास ठेवायचा नाही. एका कंपनीचा ३८ दुसरीच्या ३८ ला भाऊ मानत नाही.

जवळच्या वाडीत एक पाडेली नारळ पाडून नुकता खाली उतरला होता. माडाला पाडलेल्या खाचांत पाय रोवत अनवाणी चढणारा माणूस. बूट हातात घेऊन त्याने तळ दाबून पाहिला.

"हे घालून माडावर चढता येतं, बाब?"

"नाही."

"मग कशाला एवढे पैसे?"

त्याच्या पायाची बोटं पंख्यासारखी फाकलेली. माडाच्या खोडाला अशीच बोटं लागतात. कातळावर बोटभर रुंदीची कड मिळते तेव्हा पाची बोटं एकत्र बांधून त्यांचं एक टोक करावं लागतं. बूट करतो ते एवढंच. फ्रान्समधल्या फाँतेनब्लोच्या धोंड्यांसाठी पिएर आलँने गुळगुळीत रबरी तळाचा खास बूट केला, तेव्हापासून ही कल्पना तीच आहे. १९८०च्या दशकात स्पेनच्या बोरेआल कंपनीने चिकट रबर आणलं आणि मोठी उडी तिथे झाली. आपल्याकडे त्या वेळी सह्याद्रीत पोरं कॅनव्हासच्या हंटर बुटांवर भिडत होती. पुढे ट्रेकला ॲक्शनचे बूट आले. आजही अर्धा सह्याद्री त्यांच्यावरच चालतो, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

दहा वाजले आणि ऊन कातळावर आलं. मऊ रबर उन्हात आणखी मऊ पडतं, बारीक कडेवर दबून घसरतं. पायही दमट हवेत फुगतात. भाचीने सपाट जोड चढवला आणि मघाच्याच धोंड्यावर अलगद उभी राहिली. काही बोलली नाही.

दुपारी डिचोलीकडे निघालो. कोलवाळला शापोरा ओलांडली, अस्नोड्यावरून पुढे. हरवळ्याला जांभ्यात कोरलेली लेणी आहेत, आत शिवलिंगं. जवळच रुद्रेश्वराचं देऊळ आणि पायऱ्या उतरून धबधबा. लेण्यांच्या भिंतीला आम्ही हातही लावला नाही. संरक्षित स्मारकावर बुटांची परीक्षा घेणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

जांभा पाहिला तो रस्त्यालगतच्या एका बंद चिरेखाणीत. कापलेल्या चिऱ्यांच्या भिंतीला भोकंच भोकं, बघताक्षणी वाटतं, पाय ठेवायला आयती पायरी. कंबरेच्या उंचीवर पाय ठेवला आणि कडेचे तांबडे खडे भुरभुर खाली आले. बूट काय करणार? हा दगड घर बांधायचा. चढणाऱ्याच्या कामाचा नाही, आणि त्याची धार महागडं रबर सँडपेपरासारखी खाऊन टाकते. हरमलचा कठीण कातळ मात्र ताठ, सपाट जोडाला पुरेपूर उत्तर देतो. चोचदार जोड लागतो तो छत असल्यासारख्या उलट्या भिंतीवर, शहरातल्या क्लाइंबिंग जिममध्ये नाहीतर बदामीच्या एखाद्या अवघड मार्गावर. भाची अजून तिथवर पोचायची आहे.

डिचोलीच्या बसस्टँडवर तिने पुण्याच्या दुकानाला फोन लावला. सपाट, फीतवाला, ३८ आणि साडेअडतीस, दोन्ही बाजूला काढून ठेवा म्हणाली.

"सकाळी येता का?" पलीकडून विचारलं.

"नको, चारनंतर. तोवर पाय फुगतात."

मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळली. "मामा, तुमच्या चोचवाल्याचं काय? विकायचाय?"

विकायचा नाही म्हणालो. बस लागली होती.