सुटीची चव

रविवारची सुटी पंचांगानेच बहाल केली असावी, अशा थाटात आपण ती उपभोगतो. वस्तुस्थिती तशी नाही. मुंबईचा गिरणी कामगार एके काळी पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत राबे. आठवड्याची ठरलेली सुटी त्याला ठाऊक नव्हती. १८८४ सालापासून नारायण मेघाजी लोखंडे तिच्यासाठी झगडले, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला.

सुटी इतकी गोड, तर मग बारा महिने तीच मिळाली तर? ऑस्ट्रियातल्या मारीएन्टाल गावावर हा प्रसंग ओढवला. १९३०च्या सुमारास तिथली कापडगिरणी बंद पडली आणि बहुतेक सारे गाव बेकार झाले. मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक विलक्षण गोष्ट आढळते. वेळ मुबलक होता. पण ग्रंथालयातून घरी जाणारी पुस्तके निम्म्यावर आली. पुरुषांची चाल मंदावली. बायकांना मात्र घरकामातून उसंत नव्हतीच!

म्हणजे रविवारची चव सोमवारात असते. उद्या आपली कुणीतरी वाट पाहणार, या खात्रीत असते.

महाविद्यालयांतून हल्ली तासिका तत्त्वावर शिकवणारे माझे तरुण मित्र आहेत. जितके तास, तितके पैसे. दिवाळीची सुटी बिनपगारी. सुटी जवळ आली की मी चकलीच्या गोष्टी काढतो आणि ते बोटांवर दिवस मोजतात. भिंतीवरचे कॅलेंडर एकच. पण जी माझी सुटी, तोच त्यांचा खाडा.