ओसरीवरची पिवळी टाकी

आमच्या ओसरीवर, जिथं एरवी ज्वारीची पोती लागतात, तिथं दिवाळीपासून एक पिवळी टाकी उभी आहे. उंची कमरेच्या खाली, मान आखूड, खांदे गोल, बूड सपाट. कुणाचा आधार न घेता ताठ उभी राहते. रंग जागोजागी खरचटलेला आणि आतलं अ‍ॅल्युमिनियम दिसणारं. खांद्यावर ठोकून कोरलेले आकडे आहेत: क्रमांक, दाब, चाचणीची तारीख. हीच तिची जन्मकुंडली.

बोदवडसारख्या कोरड्या गावात ती आली विहिरीपायी. पाणबुडी मोटारीचा दोर तुटला आणि मोटार तळाला गेली. गळ टाकून दोन दिवस हात दुखवले, पण ती काही लागली नाही. भाचा मालवणला पर्यटकांना समुद्रात उतरवतो, तो मित्राच्या गाडीतून टाकीसकट आला. विहिरीवर ही गर्दी. शेजारच्या आबांनी टाकीवर हात ठेवून विचारलं, "काय भरेल हाये यामंधी? आक्सिजन?"

"नाही आबा, हवाच. आपण घेतो तीच."

आबांना ते पटलं नाही, आणि अनेकांना पटत नाही. पण तिचं सगळं मोठेपण या साधेपणातच आहे. पोट जेमतेम ११ लिटरचं, त्यात सुमारे २,२०० लिटर हवा दाबून बसवलेली. दाब २०० बार, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या नव्वद-शंभर पट. त्या हवेलाही वजन असतं, अडीच किलोच्या वर. म्हणून भरलेली असताना ती पाण्यात बुडते आणि रिकामी होत आली की वर यायला बघते. भाचा म्हणतो, "मामा, हवा संपत आली की ती पाठीवर हलकी लागते. तीच सांगते, चला आता." १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां या दोघांनी टाकीतली हवा श्वासागणिक, हवी तेवढीच देणारं यंत्र बसवलं, तेव्हापासून ही माणसाच्या पाठीवर आहे. आमच्या विहिरीत तिनं पंचवीस मिनिटं साथ दिली. दोर बांधला गेला, मोटार वर आली.

परतताना भाच्याला विमानाची हौस होती. जळगावहून गोव्याला थेट विमान २०२४ मध्ये सुरू झालं, आणि गोव्याहून मालवण जवळ. त्यानं घरीच व्हॉल्व्ह उघडून हवा सोडून दिली. अंगणभर सूं आवाज, कोंबड्या पळाल्या. तरी विमानतळावर ती अडली. सुरक्षा जवान शांतपणे म्हणाला, "रिकामी आहे म्हणता, पण आत काय आहे ते मी बघू कसं?"

मला आधी राग आला. घरी येताना गाडीत ती मागच्या सीटवर होती, आणि तेव्हा विचार केल्यावर त्या माणसाचं बरोबर वाटलं. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं कनिष्क विमान सामानातल्या बॉम्बनं आकाशात फुटलं, ३२९ माणसं गेली. ती बॅगही बाहेरून इतर बॅगांसारखीच होती. जाड धातूचं, बंद तोंडाचं पोट अनोळखी माणसानं केवळ शब्दावर का मान्य करावं? अमेरिकेच्या विमानतळांवर हा नियम लेखीच आहे: व्हॉल्व्ह पूर्ण काढलेला, तोंड उघडं, आत नजर जाईल अशी टाकी असेल तरच पुढे. आणि मग विमान कंपनीची परवानगी वेगळीच.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. उंचावर बाहेरचा दाब कमी होतो म्हणून टाकी फुटते, असं पुष्कळ लोक सांगतात. तसं नाही. विमानात पडणारा फरक पाव बारच्या आसपास, आणि ही २०० बार सोसणारी बाई. भीती आहे ती आगीची, आणि आदळून व्हॉल्व्ह तुटण्याची. मान तुटली तर भरलेली टाकी बाणासारखी सुटते. म्हणूनच आपल्याकडे तिच्यावर २०१६ चे गॅस सिलिंडर नियम आहेत आणि ते पाहणारी पेसो ही संस्था नागपूरला, आमच्या बोदवड स्टेशनावरून जाणाऱ्या रुळांच्याच पुढच्या टोकाला.

व्हॉल्व्ह काढायला जाणता हात लागतो. एकदा तोंड उघडलं की दमट हवा आत शिरते, पुन्हा तपासणी करावी लागते. म्हणून जाणते डुबकीवाले मास्क, पंख, रेग्युलेटर बरोबर नेतात आणि टाकी तिथल्या तिथं भाड्यानं घेतात. भाच्यानं हे इतरांना शंभरदा सांगितलेलं. स्वतःची टाकी म्हणून जीव गुंतला, एवढंच.

स्वतःच्या बाबतीत मात्र तो चुकला नव्हता. शनिवारी विहिरीत उतरला आणि सोमवारचं विमान धरलं. पाण्याच्या दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात मुरतो. तो सावकाश निघून जायच्या आत उंच गेलं तर त्याचे बुडबुडे होतात, सांधे धरतात, कधी मज्जारज्जूलाही इजा होते. टाकीसारखंच माणसानंही विमानात बसण्याआधी रिकामं व्हायचं असतं, पण माणसाचं पोट उघडून बघणारा जवान कुठल्याच दारावर नाही. तिथं ज्याचं त्यानंच थांबायचं.

टाकी उन्हाळ्यात गाडीनं मालवणला जाईल. तोवर आमची नातवंडं तिला रोज फडक्यानं पुसतात.

आता आपल्या भागातून बरेच लोक तारकर्लीला जाऊन समुद्रात उतरतात आणि गोव्याहून विमानानं परततात. त्यांना हात जोडून सांगतो: एकच डुबकी असेल तर किमान १२ तास, जास्त असतील तर १८ तास जाऊ द्या. शेवटची डुबकी आदल्या दिवशी सकाळी उरका आणि एक रात्र किनाऱ्यावर झोपा.