लेखक : अज्ञात?

लालबागची एक चाळ पुनर्विकासाला निघाली, म्हणून माळ्यावरच्या दोन ट्रंका खाली आल्या. त्यात एका छोट्या प्रकाशनाचं सगळं भांडवल! पोवाडे, वग, गिरणी कामगारांच्या कविता. सोळा-सोळा पानी पुस्तिका. प्रकाशक वारलेले. त्यांच्याकडे खिळे जुळवणारे काका आणि आम्ही हॉस्टेलची चार पोरं मिळून दर रविवारी त्यांची यादी करतो.

पहिला घोळ सालाचा. छापलेलंच नाही! मग काय, आमची इंजिनिअरिंगची डोकी चालू. किंमत आण्यात असेल तर बहुधा १९५७ च्या आधीची. 'नवे पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ मधली, कारण पुढे 'नवे' गळालं. पत्ता नुसता 'मुंबई १२' असेल तर जुनी. '४०० ०१२' असा सहा आकडी पिन असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. काहींवर जुन्या किमतीवर रबरी शिक्का मारून नवी किंमत घातलीय. थर्मोडायनॅमिक्सपेक्षा हे बरंच सोपं, राव!

लेखकाचा रकाना मात्र अवघड गेला. बऱ्याच पुस्तिकांवर नुसतं 'एक कामगार'. आमचा कॉम्प्युटरवाला म्हणाला, "'अज्ञात' टाका, सॉर्टिंगला सोपं." काका तडकलेच.

"अज्ञात कसा रे? साचा खात्यात होता तो. रात्रपाळी संपवून कागद घेऊन यायचा. नाव छापलं तर गिरणीतून काढतील, म्हणून नाही छापलं."

आमच्या लायब्ररीच्या मॅडमनी तोड सांगितली. पुस्तकावर नसलेली, बाहेरून कळलेली माहिती चौकटी कंसात लिहायची. ठीक. पण ज्यानं मुद्दाम नाव लपवलं, त्याचं आपण लिहायचं का? यावर चहाच्या तीन फेऱ्या झाल्या. एकजण म्हणे, त्याची इच्छा ती इच्छा. मला ते पटेना. त्यानं नाव लपवलं ते मॅनेजरपासून, नातवापासून नाही. आणि ती गिरणी तर १९८२ च्या संपानंतर पुन्हा उघडलीच नाही. आता कोणाला भ्यायचं?

शेवटी ठरलं, घरच्यांना विचारायचं, हो म्हणाले तरच कंसात नाव, आणि पुढे 'काकांनी सांगितले' अशी नोंद. आतापर्यंत अकरा नावं लागली. एका घरी म्हातारबाईंनी पुस्तिका हातात घेतली आणि म्हणाल्या, "हे लिहायचे? मला वाटायचं युनियनच्या मीटिंगला जातात."

काका आता ऐंशीचे आहेत. दुसरी ट्रंक अजून उघडलेली नाही. रविवारी सकाळी आठची लोकल, कोणाला यायचं असेल तर शनिवारी मेसमध्ये सांगा. तोंडाला बांधायला रुमाल आणा, धूळ फार आहे.